हाइव्हवर नवा माणूस आला की पहिले सात दिवस

दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार काका माझ्या आग्रहावरून हाइव्हवर, म्हणजे लेख लिहायच्या-वाचायच्या एका ऑनलाइन जागेवर, आले. खातं उघडून दिलं त्याच रात्री त्यांनी ऑक्टोबर छाटणीवर लिहिलं. काडी कुठल्या डोळ्यावर छाटायची, छाटणीनंतर पाऊस लागला तर काय होतं, सोबत चार फोटो. आठवड्याने मी फोन केला, "काका, पुढचं कधी?" ते म्हणाले, "ताई, भिंतीशीच बोलायचं तर आमच्या शेडला चार भिंती आहेत की."

लेखाखाली एकही प्रतिक्रिया नव्हती. माझीसुद्धा नव्हती. मी व्होट देऊन मोकळी झाले होते.

त्यानंतर मी नव्या माणसाला आणायची पद्धतच बदलली. आता कोणी आलं की त्याचे पहिले सात दिवस माझ्या वहीत लिहिलेले असतात. ती वहीच इथे उलगडून ठेवते आहे. तुम्ही आधीपासून हाइव्हवर असाल आणि घरातल्या, ऑफिसातल्या, सोसायटीतल्या कोणाला आणायचं मनात असेल, तर उपयोगी पडेल.

हाइव्ह म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी एवढा परिच्छेद सोडावा. २०१६ साली स्टीम नावाची साखळी सुरू झाली. लेख, प्रतिक्रिया, व्होट (म्हणजे लेखाला दिलेली पसंती) सगळं ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक कॉम्प्युटरांवर जपलेल्या, एकेका 'ब्लॉक'ने वाढणाऱ्या नोंदींच्या साखळीवर, आणि व्होटांवरून लिहिणाऱ्याला टोकन, म्हणजे डिजिटल नाणी. पुढे तिच्यामागची कंपनी विकली गेली, नव्या मालकाशी सदस्यांचं बिनसलं आणि २० मार्च २०२० रोजी बरेच जण वेगळे झाले. त्या वेगळ्या साखळीचं नाव हाइव्ह. दर ३ सेकंदांना एक ब्लॉक तयार होतो. तो तयार करणारे 'विटनेस' सदस्यांच्या मतांवर ठरतात, सगळ्यांत जास्त मतांचे २० आणि राखीव रांगेतून पाळीपाळीने एक. पीकडी, इसेन्सी अशी निरनिराळी ॲप्स म्हणजे त्याच घराची निरनिराळी दारं. पीकडीवर लिहिलेलं इसेन्सीवरही दिसतं.

या लेखापुरता कामाचा मुद्दा यातला एकच. हाइव्हला मालक नाही, म्हणजे हेल्पलाइनही नाही. फेसबुकवर नवा माणूस आला की कंपनीच त्याला दहा ओळखीचे चेहरे दाखवते, काही अडलं तर निदान तक्रारीचा फॉर्म असतो. इथे स्वागतकक्ष, चौकशी खिडकी आणि रखवालदार, तिन्ही आपणच. आपण नाही बोललो तर कोणीच बोलत नाही.

बोलावण्याआधी

"त्यावर पैसे मिळतात" हे सांगून कोणाला आणू नका. मी आणले आहेत, म्हणून सांगते. असा माणूस पहिल्या दिवसापासून लेखाखालचा आकडा बघत बसतो, आणि नव्या माणसाच्या लेखाखाली आकडा कसला, बहुतेक वेळा शून्याच्या पुढे दोन-तीन पैसे. त्यातही बक्षिसाची रक्कम डॉलरच्या ०.०२ पर्यंतही पोहोचली नाही तर ती मिळतच नाही, हिशेबातून गळून जाते. मग तो म्हणतो, "एवढं लिहून चहासुद्धा नाही सुटला," आणि जातो. त्याचं चुकलेलं नसतं, बोलावणं चुकलेलं असतं.

माझे वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. ज्या घरात नोटांच्या छपाईच्या गप्पा जेवताना व्हायच्या, तिथे "कॉम्प्युटरवर आपोआप तयार होणारं टोकन" समजावणं ही परीक्षाच होती. मी सगळं सांगून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "आणि वाचतं कोण?" बोलावणं त्या प्रश्नाच्या उत्तराने करावं. "तुम्ही बागेबद्दल लिहा, मी वाचणार आहे आणि आणखी तिघं वाचतील, त्यांना मी सांगून ठेवलंय." हे सांगता येत नसेल तर बोलावणं चार दिवस पुढे ढकला आणि आधी ते तिघं शोधा.

हे तिघं फार महत्त्वाचे. एकट्याने स्वागत करायला गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या माणसाला दमायला होतं. आमची चौघांची पाळी आहे. कोणी आलं की एक जण शेजारी बसतो, बाकीचे तिघं आठवड्यात आपापल्या वेळी जाऊन वाचतात. वहीत नाव, तारीख आणि कोण कधी बोललं एवढंच लिहायचं.

पहिला दिवस: नाव आणि किल्ल्या

हे काम फोनवर करू नका. शेजारी बसून करा. तासभर लागतो, मध्ये चहा होतो, आणि तो तास पुढचा सगळा त्रास वाचवतो.

आधी नाव. ३ ते १६ अक्षरं, सगळी इंग्रजी लहान लिपीतली, सोबत आकडे, आडवी रेघ किंवा टिंब चालतं. सुरुवात अक्षराने. देवनागरी चालत नाही, याचं वाईट वाटतं पण इलाज नाही. हे नाव पुढे कधीही बदलता येत नाही. म्हणून जन्मसाल, पिनकोड, मोबाइलचे शेवटचे आकडे असलं काही नावात घालू देऊ नका. एकांनी हौसेने गल्लीचं नाव घातलं आणि वर्षभरात तिथून इंदिरानगरला राहायला गेले.

खातं उघडायला ३ हाइव्ह खर्च येतो (साखळीच्या टोकनाचं नावही हाइव्हच). जुन्या सदस्याकडे भरपूर रिसोर्स क्रेडिट (साखळीवर काहीही करायला लागणारं इंधन, त्याचं पुढे सांगते) असतील तर ते मोडून खातं फुकटही काढून देता येतं. बहुतेक वेळा आपणच काढून देतो, आणि इथेच एक गोष्ट कोणी बोलत नाही. खातं आपण काढलं तर त्याच्या किल्ल्या, म्हणजे आत शिरायचे लांबलचक पासवर्ड, आपण पाहिलेल्या असतात. म्हणून शेवटची पायरी अशी की त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच हाताने मास्टर पासवर्ड बदलायला लावायचा. नव्या पासवर्डाबरोबर सगळ्या किल्ल्या नव्याने तयार होतात. त्या वेळी आपण उठून गॅलरीत जायचं. अवघडल्यासारखं होतं, पण पुढे कधी काही गेलं तर बोट आपल्याकडे वळत नाही.

किल्ल्या समजावताना "पोस्टिंग की, ॲक्टिव्ह की" असं म्हटलं की मराठी वाक्यातल्या 'की'मध्ये ती 'की' हरवते आणि ऐकणारा हरवतो. मी सरळ वाड्यावर येते. जुन्या नाशकात वाडे पाहिलेल्या माणसाला हे एकदाच सांगावं लागतं.

पोस्टिंग ही दिंडी दरवाजाची किल्ली. रोजच्या येण्याजाण्याची. लिहिणं, प्रतिक्रिया, व्होट, कोणाला फॉलो करणं, सगळं हिच्यावर. ॲक्टिव्ह ही तिजोरीची. टोकन पाठवायची वेळ आली की हिची गरज. ओनर म्हणजे वाड्याचं खरेदीखत. बाकीच्या किल्ल्या बदलायचा अधिकार हिच्याकडे, एरवी ती बाहेर काढायचीच नाही. मेमो ही बंद पाकिटं उघडायची, नव्या माणसाला महिनोन्महिने लागत नाही. आणि मास्टर पासवर्ड म्हणजे ज्या साच्यातून या चारही किल्ल्या ओतल्या तो साचा. तो 'पी' अक्षर आणि पाचच्या आकड्याने सुरू होतो, सुट्या खाजगी किल्ल्या पाचच्या आकड्याने. एवढं ओळखता आलं की कुठल्या चौकटीत काय भरायचं नाही हे कळतं. पहिल्या आठवड्यात फोनवर फक्त पोस्टिंगची किल्ली ठेवायची. कीचेन नावाचं ॲप आहे, ते किल्ली सांभाळतं आणि दरवेळी टाइप करावी लागत नाही.

मग कागद. दोन प्रती, दोन घरांत. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवणं नाही, गॅलरीत फोटो नाही, कारण गॅलरी आपोआप कुठे कुठे चढते ते आपल्यालाही माहीत नसतं.

इथे माझीच फजिती सांगते. मामीचं खातं काढून दिलं तेव्हा कागद हाताशी नव्हता, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे पासवर्ड लिहिला. चांगलं स्पष्ट लिहिलं, दोनदा तपासलं. जानेवारीत नवं कॅलेंडर आलं आणि जुनं रद्दीत गेलं. पुढे मामीने फोन बदलला आणि सगळं संपलं. मामीचा गुळांब्यावरचा लेख आजही हाइव्हवर आहे, कोणालाही वाचता येतो, फक्त मामीला त्याखाली उत्तर देता येत नाही.

"पण खातं परत मिळवायची सोय असते ना?" असं पुष्कळ जण विचारतात. असते, पण ती चोरीवर आहे, हरवण्यावर नाही. कोणी किल्ल्या चोरून बदलल्या तर ३० दिवसांच्या आत, आपल्या जुन्या ओनर किल्लीच्या आधाराने आणि 'रिकव्हरी अकाउंट'च्या मदतीने खातं परत घेता येतं. हे रिकव्हरी अकाउंट सुरुवातीला खातं काढून देणाऱ्याचंच असतं. म्हणजे तुम्ही कोणाला खातं काढून दिलं की तुमच्यावर ही जबाबदारी आपोआप येते. ती नको असेल तर बदलून द्या, बदल लागू व्हायला ३० दिवस जातात. किल्ली हरवली असेल तर मात्र तुम्ही, मी, विटनेस, कोणीच काही करू शकत नाही. हे पहिल्या दिवशी, कागदावर लिहून होत असताना सांगायचं. नंतर सांगितलं की ती माहिती नसते, टोमणा होतो.

पेट्रोल

रिसोर्स क्रेडिट, बोलताना आर.सी. प्रत्येक प्रतिक्रिया, प्रत्येक व्होट, प्रत्येक लेख थोडा आर.सी. खातो. तो आपोआप भरत राहतो, पूर्ण रिकामा झालेला ५ दिवसांत भरतो. नव्या खात्याची टाकी फार लहान असते. माणूस उत्साहात येतो, पाच-सहा जणांना उत्तरं देतो आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत काहीतरी येतं. त्याला वाटतं आपल्याला काढून टाकलं.

उपाय दोन मिनिटांचा. त्याच्या खात्यावर थोडी हाइव्ह पॉवर (बांधून ठेवलेली हाइव्ह, तिच्यावरच व्होटाचं वजन आणि आर.सी. ठरतं) डेलिगेट करा, म्हणजे वापरायला उसनी द्या, दहा-पंधरासुद्धा पुरते. किंवा २०२२ पासून नुसता आर.सी. डेलिगेट करता येतो, तो करा. आपलं काही जात नाही, हवं तेव्हा परत घेता येतं. हे पहिल्याच संध्याकाळी करा, लाल अक्षरं येण्याआधी.

पहिला लेख

नवीन माणसाने आपली ओळख करून द्यायची रीत हाइव्हवर पहिल्यापासून आहे, त्यासाठी 'इंट्रोड्यूस युवरसेल्फ' हे दोन शब्द जोडून टॅगही आहे. पुष्कळ जण हातात स्वतःचं खात्याचं नाव लिहिलेला कागद धरून फोटो टाकतात, म्हणजे माणूस खरा आहे हे कळतं. पण चेहरा दाखवायचा आग्रह धरू नका. बायकांच्या बाबतीत तर अजिबात नाही. हात, कागद आणि मागे तुळस, एवढ्या फोटोवरही लोकांनी भरभरून स्वागत केलेलं मी पाहिलं आहे.

"काय लिहू?" हा प्रश्न येणारच. "काहीही लिहा" हे त्याचं सगळ्यांत वाईट उत्तर. तुम्ही प्रश्न विचारा आणि ते बोलतात ते लिहून घ्या. नाशिकच्या माणसाला मी रंगपंचमीचं विचारते. रहाड म्हणजे काय, हे नाशिकबाहेरच्या मराठी माणसालासुद्धा माहीत नसतं. पेशवेकाळापासूनचे दगडी हौद, वर्षभर मातीखाली बुजवलेले, रंगपंचमीला उघडायचे, रंग कढवून ओतायचा आणि वरून धप्पा मारायचा, म्हणजे उडी घ्यायची. शनि चौकातल्या एका मुलीने आपला पहिला धप्पा लिहिला. रंग कानात कसा गेला, आईने दोन दिवस घरात उशीला टेकू कसं दिलं नाही. चार देशांतल्या लोकांनी प्रश्न विचारले. मी तिला विचारलं नसतं तर ती "माझा आवडता छंद" लिहिणार होती.

दिंडोरीच्या काकांचं पुढे काय झालं तेही सांगते. मी जाऊन त्यांची माफी मागितली आणि त्या जुन्या लेखाखाली विचारलं की छाटणीपासून घड तोडेपर्यंत चार महिने रोज बागेत काय काय बघता. त्यांनी उत्तर दिलं ते मूळ लेखापेक्षा मोठं होतं. विरळणी, मणी फुगताना घ्यायची काळजी, धुकं पडल्यावर पोटात येणारा गोळा. ते उत्तर त्यांचा दुसरा लेख झालं.

भाषेचं म्हणाल तर मराठीतच लिहू द्या. हाइव्हवर मराठी लिहिणारे थोडे आहेत, इंग्रजी वाचणारे पुष्कळ. म्हणून आमची रीत अशी की वर पूर्ण मराठी, खाली चार-पाच वाक्यांत इंग्रजी सारांश. तो सारांश पहिल्या एक-दोन वेळा आपण करून द्यावा. सबंध लेख मशीनकडून इंग्रजी करून टाकला की गुळांब्याचा जॅम होतो.

आता फॉरवर्डचं प्रकरण. आमच्या एक निवृत्त बाई, चाळीस वर्षं शिकवलेल्या, हौसेने आल्या आणि तिसऱ्याच दिवशी व्हॉट्सॲपवर आलेली एक कविता त्यांनी टाकली. कवीचं नाव नाही, सोबत गुगलवरचं सूर्योदयाचं चित्र. व्हॉट्सॲपवर यात कोणालाच वावगं वाटत नाही. हाइव्हवर मात्र दुसऱ्याचं लिखाण आपल्या नावावर टाकून बक्षीस घेणं म्हणजे सार्वजनिक हौदातून पाणी चोरणं, कारण बक्षिसाची रक्कम सगळ्यांच्या सामाईक हौदातून येते. असं लिखाण शोधणारे सदस्य आहेत, त्यांनी डाउनव्होट, म्हणजे नापसंतीचा व्होट, दिला आणि खाली इंग्रजीत ताकीद. बाई रात्रभर झोपल्या नाहीत. "मी चोर आहे का गं?" असं विचारलं मला. चूक माझी होती, मी सांगितलंच नव्हतं. आता लेख लिहिण्याआधीच सांगते. शब्द आपले, फोटो आपले, दुसऱ्याचं चार ओळी घेतलं तर नावासकट. एआयकडून लिहून घेतलेलं टाकलं तरी हेच होतं.

आणखी एक सांगायचं. हाइव्हवर लेख दुरुस्त करता येतो, पण जुनं रूप साखळीत राहतं. पुसलं असं वाटतं तेव्हाही ते कुठल्यातरी ब्लॉकमध्ये असतंच. म्हणून घराचा पत्ता, नातवंडांच्या शाळेचं नाव, मोबाइल नंबर, "आम्ही पंधरा दिवस गावाला चाललो" हे सगळं लिहायच्या आधी थांबायचं. फोटो स्वतः साखळीवर नसतात, त्यांचा दुवा तेवढा असतो, पण त्या भरवशावर राहू नये.

प्रतिक्रिया, म्हणजे खरं काम

मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते. व्याख्यान संपल्यावर दोन प्रकारची माणसं वक्त्याकडे जातात. एक "फार छान झालं" म्हणून नमस्कार करून पुढे सरकतात. दुसरे थांबतात आणि म्हणतात, "तुम्ही ते मधे म्हणालात ना, त्यावर एक विचारायचंय." वक्त्याला घरी गेल्यावर कोण आठवत असेल?

"छान!", "अप्रतिम!", "लिहीत राहा!", तीन फुलांचे इमोजी. हे सगळं आपण प्रेमाने लिहितो. पण नव्या माणसाला याला उत्तर काय द्यावं कळत नाही. "धन्यवाद" म्हणून बोलणं तिथेच मिटतं. म्हणून आमच्या चौघांत नियम आहे. नव्या माणसाखालच्या प्रतिक्रियेत लेखातली एक नेमकी गोष्ट हवी आणि एक प्रश्न हवा, ज्याचं उत्तर फक्त त्यालाच माहीत आहे.

गुळांब्याच्या लेखाखाली मी असं लिहिलं होतं: "मामी, तू कैरी किसतेस की फोडी करतेस ते लिहिलं नाहीस. आमच्याकडे किसतात आणि वर वेलची. फोडींचा करतेस तर पाकाची तार बघतेस का अंदाजानेच?" मामीने तीन परिच्छेद लिहिले. तारेवरून वाद घातला.

वेळेचंही आहे. पहिली प्रतिक्रिया पहिल्या चोवीस तासांत यावी, पण चारही जणांच्या प्रतिक्रिया एकाच तासात नकोत. चौघं एकदम आले आणि मग सहा दिवस शुकशुकाट, हे लग्नाच्या मांडवासारखं होतं. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दुसरा, चौथ्या दिवशी तिसरा. त्याने उत्तर दिलं की त्या उत्तरालाही उत्तर द्यायचं, निदान एकदा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी गाठ घालून द्या. "तुम्ही बागेवर लिहिता, निफाडकडचे अमुक आहेत, ते मातीवर लिहितात, वाचा." एकदा त्या दोघांचं बोलणं सुरू झालं की आपलं अर्धं ओझं उतरलं. मला तर वाटतं स्वागताच्या कामात हेच सगळ्यांत कौशल्याचं आहे, आणि ते कुठलंच ॲप करून देत नाही.

त्यालाही प्रतिक्रिया द्यायला शिकवा. नवा माणूस स्वतःचं लिहून वाट बघत बसतो. रोज दोन अनोळखी लेख वाचून दोन ओळी लिहायच्या, एवढं सांगितलं की सातव्या दिवशी त्याची ओळख चौदा जणांशी असते.

व्होटबद्दल थोडंच सांगते. पूर्ण वजनाचा एक व्होट आपल्या उरलेल्या व्होटिंग शक्तीतले २ टक्के खातो आणि ती शक्ती दिवसाला २० टक्के भरून निघते. म्हणजे दिवसाला दहा पूर्ण व्होट सहज परवडतात. त्यातला एक नव्या माणसासाठी राखून ठेवा. पण आधी प्रतिक्रिया, मग व्होट. उलट केलं की आपण माझ्यासारखे मोकळे होतो.

नव्या माणसाचा स्वतःचा व्होट ०.०० दाखवतो. "माझ्या मताला किंमतच नाही का?" हा प्रश्न येतोच. व्होटामागे हाइव्ह पॉवर लागते, ती हळूहळू साठते, असं खरं ते सांगा. त्याच्या नावापुढे २५ आकडा दिसतो, ती प्रतिष्ठेची सुरुवात आहे, सगळ्यांची तिथूनच होते.

सातवा दिवस

लेखाचं बक्षीस ७ दिवसांनी ठरतं. त्या दिवशी फोन करायचाच. कारण माणूस आकडा बघतो, आणि वॉलेटमध्ये दिसतो त्याहून कमी. तुम्ही आधी सांगितलेलं नसेल तर त्याला आपण फसलो असं वाटतं.

हिशेब असा. लेखावर दिसणाऱ्या रकमेतला साधारण अर्धा भाग व्होट देणाऱ्यांना जातो, अर्धा लिहिणाऱ्याला. लिहिणाऱ्याच्या अर्ध्यातला, नेहमीच्या पर्यायात, अर्धा एचबीडी नावाच्या दुसऱ्या टोकनात येतो आणि अर्धा हाइव्ह पॉवर म्हणून. एचबीडी साधारण एका अमेरिकी डॉलरच्या आसपास राहील अशा बेताने चालतो. हाइव्ह पॉवर लगेच काढता येत नाही, काढायला लावली की १३ आठवडे, दर आठवड्याला एक हप्ता. आणि हे सगळं आपोआप वॉलेटमध्ये पडत नाही, 'क्लेम'चं बटण दाबावं लागतं. ते बटण न सापडल्यामुळे कितीतरी जणांना वाटतं की काही मिळालंच नाही.

रुपयांत आणायचा विषय निघाला तर कराचं तेव्हाच सांगा. १ एप्रिल २०२२ पासून अशा डिजिटल मालमत्तेच्या विक्रीतल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, एकातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून ठरावीक रकमेपुढे विक्रीवर १ टक्का टीडीएस. रक्कम लहान असली तरी तारीखवार नोंद ठेवायला सांगा आणि पुढचं सीएकडे सोपवा. आपण शेजारी आहोत, करसल्लागार नाही. गुंतवणुकीचा सल्लाही देऊ नका. "आत्ता हाइव्ह घेऊन ठेवू का?" या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे: "आधी दुसरा लेख लिहा."

चोरांचं

पहिल्या आठवड्यातच एखादं आमिष येतं. वॉलेटमध्ये ०.००१ हाइव्ह जमा होतो आणि सोबतच्या मेमोत (टोकनाबरोबरच्या चिठ्ठीत) "तुम्ही निवडले गेलात, इथे क्लिक करा". किंवा लेखाखाली कोणीतरी कौतुक करून दुवा देतो. तो दुवा हुबेहूब ओळखीच्या पानासारखं पान उघडतो आणि ॲक्टिव्ह किल्ली मागतो. बँकेच्या नावाने ओटीपी मागणारे आठवून द्या, लगेच कळतं. मी स्वतःसुद्धा कधी किल्ली मागणार नाही, हे स्वतःच्या तोंडाने सांगा. साधा मेमो सगळ्यांना दिसतो, त्यात चुकूनही किल्ली चिकटवायची नाही. किल्ली चोराच्या हाती गेली असं वाटलं तर आधी पासवर्ड बदलायचा, मग मला फोन. पैशांची फसवणूक असेल तर १९३० वर लगेच कळवायचं.

कोणी तिरकं बोललं, विनाकारण डाउनव्होट दिला, तर त्या माणसाला म्यूट करायला शिकवा. समूहाचे (हाइव्हवरच्या विषयवार गटाचे) मॉडरेटर समूहापुरता लेख झाकू शकतात, साखळीवरून काढू शकत नाहीत. भांडणात उतरू देऊ नका. नव्या माणसाचं पहिलं भांडण बहुधा शेवटचं ठरतं.

सात दिवसांनंतर

आठव्या दिवसापासून रोज जायचं नाही. आठवड्यातून एकदा. महिन्याभराने त्याला पाळीत घ्या, पुढच्या नव्या माणसाची पहिली प्रतिक्रिया त्याला लिहायला सांगा. नुकताच दारातून आत आलेल्यालाच दाराची पायरी किती उंच आहे ते आठवत असतं, आपण विसरून गेलेलो असतो.

काही जण तरीही थांबत नाहीत. एक दिवस येतात, पुन्हा दिसत नाहीत. त्यांना एकदा फोन करा, हालहवाल विचारा, हाइव्हचं नाव काढू नका. मामीला मी दुसरं खातं काढायचा आग्रह केला नाही, ती म्हणाली, "मी तुला तोंडीच सांगत जाईन."

डेलिगेशन परत घेताना आधी सांगा. न सांगता काढलं आणि त्याच दुपारी त्याची लाल अक्षरं सुरू झाली, तर महिन्याभराचं केलेलं पाण्यात जातं. त्याच्याकडे स्वतःची थोडी पॉवर साठली आहे का ते बघा, नसेल तर आणखी महिनाभर राहू द्या. परत मागवलेली हाइव्ह पॉवर आपल्या हाती यायला ५ दिवस लागतात. दोन माणसं एकाच आठवड्यात आणायची असतील तर हा हिशेब वहीत आधीच मांडून ठेवा, म्हणजे दुसऱ्याला पहिल्या संध्याकाळी रिकामी टाकी द्यावी लागत नाही.